मंडळी, कंपनी आणि फूट : सांघिक कर्तृत्वाची एक मीमांसा

१

लेखक, कलाकृती आणि वाचक ह्या त्रिकोणात विचार करण्याची सवय मराठी समीक्षेच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. परिणामी, ज्या कलाप्रकारांत ह्या त्रिकोणाचा पहिला कोनच निश्चित करता येत नाही, त्यांच्याविषयी ती एकतर मौन पाळते किंवा त्यांना समाजशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळी होते. रोलां बार्थ ह्याने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि १९६९ साली मिशेल फूको ह्याने ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न उपस्थित केला. मराठीत ह्या विचारांची चर्चा झाली ती मुख्यतः ग्रंथकर्त्याच्या संदर्भात. जेथे एकटा कर्ता मुळात कधी नव्हताच, अशा फडाच्या आणि नाटक मंडळीच्या परंपरेकडे तो प्रश्न फारसा वळवला गेला नाही.

ही उणीव विशेष जाणवते ती कोरियन लोकप्रिय संगीतातील मुलांच्या गायक-नर्तक संघांचा विचार करताना. ह्या संघांविषयी सुशिक्षित मराठी वाचकाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : हा कारखान्यात तयार झालेला माल आहे, त्यात कर्तृत्व कंपनीचे आहे आणि मुले केवळ सुटे भाग आहेत. आडोर्नो व होर्कहायमर ह्यांनी ‘संस्कृती-उद्योग’ ही संज्ञा वापरून केलेली टीका येथे तयार उत्तरासारखी हाताशी येते. परंतु हेच वर्णन, किरकोळ फेरफार करून, किर्लोस्कर संगीत नाटक मंडळीलाही लावता येईल. आणि तसे कोणी लावत नाही, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू कोरियन संघाला प्रतिष्ठा देण्याचा नाही, तसाच मराठी संगीत रंगभूमीची प्रतिष्ठा कमी करण्याचाही नाही. दोहोंच्या घडणीत एकच रचनातत्त्व दिसते. ते ओळखल्यावर कर्तृत्वाचा प्रश्न कसा बदलतो, हे पाहणे एवढाच तो हेतू आहे.

कोरियन संघाच्या घडणीचा क्रम थोडक्यात असा. कंपनी प्रथम मुले निवडते. ती काही वर्षे उमेदवारी करतात. गायन, नृत्य, भाषा, मुलाखतीतील बोलणे ह्यांचे शिक्षण घेतात आणि बहुधा एकत्र राहतात. नंतर संघाची योजना ठरते व जागा निश्चित होतात : मुख्य गायक, मुख्य नर्तक, रॅपर, नेता, सर्वांत धाकटा. ह्या जागांवर उमेदवार बसवले जातात, संघाला नाव मिळते आणि पदार्पण होते. एसएम ह्या कंपनीने १९९६ साली उभ्या केलेल्या ‘एच. ओ. टी.’ ह्या पाच मुलांच्या संघापासून हा नमुना स्थिर झाला, आणि त्यातही एक मुलगा लॉस एंजेलिसच्या कोरियन वस्तीतून आणलेला होता. एप्रिल २०१२मध्ये आलेल्या ‘एक्सो’ने त्याला बहुराष्ट्रीय रूप दिले. बारा मुलांचे सहा-सहांचे दोन गट करण्यात आले. एक गट कोरियन भाषेत आणि दुसरा चिनी भाषेत तीच गाणी गाई. दुसऱ्या गटातील चौघे चिनी वंशाचे होते, पण दोघे कोरियन होते आणि त्यांनाही चिनी भाषेतच गावे लागे. २०२३ साली ‘बॉइज प्लॅनेट’ ह्या दूरचित्रवाणी स्पर्धेत कोरियन उमेदवार आणि परदेशी उमेदवार असे दोन तट पाडून प्रेक्षकांच्या मतांनी नऊ जण निवडण्यात आले. त्यांतून निघालेल्या ‘झिरोबेसवन’ ह्या संघात पहिले स्थान एका चिनी मुलाला मिळाले. ह्या संघाचे आयुष्य अडीच वर्षांच्या कराराने आधीच ठरलेले होते.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. व्यक्तीच्या आधी जागा अस्तित्वात येते. संघ म्हणजे व्यक्तींची बेरीज नव्हे. संघ म्हणजे जागांची रचना. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे प्रत्येक मुलाचे मूल्य त्याच्या अंगभूत गुणांनी जेवढे ठरते, तेवढेच ते इतर मुलांपासूनच्या त्याच्या भेदाने ठरते.

२

ही रचना मराठी मुलखाला नवी नाही. तिचा एक जुना अवशेष पुण्याच्या शनिवार पेठेत सापडतो. तेथील शनिवारवाडा हे पेशवाईचे सत्तास्थान. १८२८च्या आगीनंतर त्याचे तट, बुरूज आणि जोती तेवढी उरली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) शाहिरांना पुण्यात जो आश्रय मिळाला, त्याने लावणीच्या फडांना ऐन भरभराटीचे दिवस दाखवले. ह्या फडांपैकी एकाचे नाव आजही जोडनावानेच घेतले जाते : होनाजी-बाळा. होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. रचणारा एक, कंठ दुसऱ्याचा आणि नाव दोघांचे मिळून एक; इतके एक की पुढल्या पिढ्यांना ‘होनाजी बाळा’ ही एकच व्यक्ती वाटावी.

साहित्येतिहासाने ह्या जोडनावाचे काय केले, हे उद्बोधक आहे. लावणी वाङ्मय म्हणून संपादित होऊ लागली तेव्हा होनाजी ‘कवी’ झाला आणि बाळा तळटीपेत गेला. फडातला तिसरा घटक, म्हणजे स्त्रीवेष घेऊन नाचणारा पोऱ्या, तर तळटीपेतही आला नाही. छापील संहिता हेच कर्तृत्वाचे एकमेव प्रमाण मानले की असे होणे अटळ असते. फडाच्या दृष्टीने मात्र कवी, गाता गळा आणि नाच्या ह्या तीन जागा परस्परावलंबी होत्या. त्यांपैकी कोणतीही रिकामी राहिली तर लावणी उभी राहत नसे. कोणता घटक टिकवायचा आणि कोणता विसरायचा, हा निर्णय फडाने घेतला नाही. तो मागाहून समीक्षेने घेतला.

३

शनिवार पेठेलगतच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि फडाच्या जागी मंडळी आली. ‘मंडळी’ हा शब्द येथे मुळातूनच तपासला पाहिजे. तो समूहवाचक आहे, पण क्रियापद बहुधा स्त्रीलिंगी एकवचनी घेतो : मंडळी जमली, मंडळी उठली. जुन्या मराठीत हाच शब्द पत्नीसाठीही योजला जाई. जिच्यात सारे पुरुष आहेत आणि जिचे वैभव स्त्रीभूमिकेवर उभे आहे, अशा संस्थेला इतके चपखल नाव शोधूनही सापडले नसते. परंतु नाटकवाले आणि प्रेक्षक रोजच्या बोलण्यात दुसराच शब्द वापरत : कंपनी. किर्लोस्कर कंपनी, गंधर्व कंपनी. पाटीवर मंडळी आणि तोंडी कंपनी. एक शब्द घरातला, दुसरा पेढीवरचा. ह्या दोन शब्दांमधल्या ताणात त्या संस्थेचे सारे जीवन सामावलेले होते.

मंडळीची घरगुती बाजू नावांतच दिसते. अण्णासाहेब, भाऊराव, नानासाहेब ही सगळी नात्याची संबोधने. मुलगा मंडळीत दाखल होई तो बिऱ्हाडात दाखल होई. तेथेच जेवणखाण, तेथेच तालीम, तेथेच शिस्त. कोरियन संघातही मुले वडील सभासदाला थोरल्या भावाच्या नात्याने ‘ह्यंग’ म्हणतात आणि सर्वांत धाकट्याच्या जागेला ‘मांगने’ असे स्वतंत्र नाव आहे. दोन्हीकडे व्यवहाराचे नाते रक्ताच्या नात्याच्या भाषेत बोलते. त्यामुळे आज्ञा ही आज्ञा वाटत नाही. तिला मायेचे रूप येते.

जागांची रचना तर अधिकच स्पष्ट आहे. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगात शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले होते. १८८२मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि ‘सौभद्र’मधल्या सुभद्रेमुळे नायिकेच्या जागेला तिचे खरे तेज प्राप्त झाले. १९०१ साली भाऊराव गेले. जागा मात्र गेली नाही. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मिरजेस शकुंतलेच्या वेषात त्या जागेवर उभा राहिला. १९१३ साली तोही मंडळी सोडून गेला, तेव्हा गोव्यातील मंगेशीचा दीनानाथ हा त्याच परंपरेत येऊन दाखल झाला. तीन दशकांच्या ह्या इतिहासात बदलत गेले ते देह. कायम राहिली ती देहांची वाट पाहणारी जागा. आणि पहिली शकुंतला, म्हणजे मुजुमदार, पुढे मंडळीचे चालक झाले, हेही सूचक आहे. एकेकाळी जो जागा भरणारा होता, तो पुढे जागा वाटणारा झाला.

मंडळीच्या बहुप्रांतिक स्वरूपाचा विचारही येथे केला पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. भाऊराव गायकवाडांच्या बडोद्याचे. दीनानाथ पोर्तुगीज अंमलाखालील गोव्याचे. राजकीय नकाशावर पाहिले तर ही मुले निरनिराळ्या राज्यांची प्रजा होती आणि त्यांना एकत्र आणणारी सत्ता रंगमंचाची होती. केशवराव भोसले ह्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली ती तर हुबळीत. चालींचे मूळही असेच दूरदूरचे. ‘सौभद्र’मध्ये कीर्तनातील साकी-दिंडीबरोबर कर्नाटकी चाली आल्या; १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे ह्यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचे वळण आणले आणि त्या चालींवर खाडिलकरांनी शब्द बसवले. स्वीडनमध्ये बांधलेल्या चालीवर सोलमध्ये कोरियन शब्द बसवले जातात तेव्हा नाक मुरडण्यापूर्वी हे आठवणे बरे.

फरक आहे तो भाषेचा. मंडळीतील मुलगा कोठूनही आला तरी तो मराठीच्याच कक्षेत वावरे. कोरियन संघातील परदेशी मुलाला मात्र दुसरी भाषा प्रवेशमूल्य म्हणून द्यावी लागते. ‘एक्सो’मध्ये दोन कोरियन मुलांना चिनी गटात बसवले गेले, ह्याचा अर्थ असा की राष्ट्रीयत्व हेही तेथे एका जागेचे लक्षण झाले होते, ते मुलाच्या जन्माशी बांधलेले नव्हते.

४

एवढे साम्य असूनही दोन्हींचे मूल्यमापन वेगवेगळ्या मापांनी होते. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाची कथा सर्वश्रुत आहे. त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य निवर्तले आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. मराठी मन ही कथा निष्ठेची कथा म्हणून सांगते. आज कोरियातील एखाद्या वीस वर्षांच्या गायकाने असेच केले तर तीच घटना कंपनीच्या निर्दयतेचा पुरावा ठरेल. कृती एक आणि अर्थ दोन, कारण एकीकडे वाचक ‘मंडळी’ हा शब्द मनात धरून वाचतो आणि दुसरीकडे ‘कंपनी’ हा. वस्तुतः दोन्ही ठिकाणी दोन्ही शब्द लागू असतात. निष्ठा खोटी नसते आणि तिकीटविक्रीही खोटी नसते. समीक्षेचे काम ह्यांपैकी एक अर्थ निवडण्याचे नाही. निष्ठा आणि तिकीटविक्री एकमेकींना कशा पोसतात, ते दाखवण्याचे आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. मंडळीपाशी कालिदास होता, देवल होते, खाडिलकर होते. कोरियन संघापाशी अशी संहिता कोठे आहे? आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख वाङ्मयीन श्रेष्ठतेकडे वळवला तर मुद्दा निसटतो. संहितेने मंडळीतील मुलाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पात्र. शकुंतला ही कालिदासाची आणि किर्लोस्करांची. तिचा शालू रंगपटात उतरवून ठेवता येतो. पात्र आणि नट ह्यांच्यात नेपथ्याची एक भिंत असते. कोरियन संघातील मुलाला पात्र नसते. त्याला ‘स्वतः’चीच भूमिका करायची असते : रंगमंचावर, मुलाखतीत, वसतिगृहात लावलेल्या कॅमेऱ्यासमोर. त्याची जागा त्याच्या व्यक्तित्वाचाच वेष धारण करते. जागेचे तत्त्व दोन्हीकडे एकच. पण एकीकडे ते उघड होते, तर दुसरीकडे ते ‘खरेपणा’च्या आड दडलेले आहे. संहितेचा अभाव जाणवतो तो काव्याच्या दृष्टीने जेवढा, त्याहून अधिक नटाच्या संरक्षणाच्या दृष्टीने.

अर्थात ही भिंतही अभेद्य नव्हती. लोकमान्य टिळकांनी लहानग्या नारायणाला ‘बालगंधर्व’ म्हटले आणि त्या नावाने राजहंसांना कायमचे गिळले. १९६७ साली वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हाही नावातला ‘बाल’ तसाच होता. प्रेक्षकांनी एकदा दिलेली जागा नटाला वय वाढू देत नाही, हे ह्या नावाइतके स्पष्ट दुसरे कशानेही सांगता येणार नाही.

५

जागा अशी टिकून राहते, पण देह टिकत नाही. मराठीत ह्या पेचासाठी एकच क्रियापद आहे : फुटणे. मुलाला मिसरूड फुटते, त्याचा आवाज फुटतो आणि नायिकेची जागा धोक्यात येते. मंडळी फुटते आणि संस्थाच धोक्यात येते. परंतु ह्याच क्रियापदाने कोंबही फुटतो आणि कंठही फुटतो. भंग आणि उगम ह्या दोन्ही अर्थांना सामावणारा हा शब्द सांघिक कलेच्या मीमांसेत संज्ञा म्हणून स्वीकारण्याजोगा आहे.

कारण जागांच्या रचनेत नटाला कर्तेपण कधी प्राप्त होते, हे पाहिले तर उत्तर मिळते : तो बाहेर पडतो तेव्हा. ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत बालवयात शारदा गाजवणाऱ्या केशवराव भोसल्यांनी १९०८ साली स्वतःची मंडळी काढली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी किर्लोस्कर मंडळीतून निघून ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे ह्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ उभारली. नाट्येतिहासात ह्या घटना फुटीरपणाच्या आणि भांडणांच्या कथा म्हणून येतात. त्यांचे खरे महत्त्व असे की, जो आजवर जागेवर बसत होता त्याने जागा मांडण्याचा अधिकार घेतला. मराठी संगीत रंगभूमीचे वैभव एका मंडळीतून जितके आले, त्याहून अधिक ते ह्या फुटींमधून आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग हा ह्या फुटींचाच उत्सव होता. बालगंधर्व आणि केशवराव हे दोघे प्रतिस्पर्धी मालक होते, म्हणूनच त्यांचे एकत्र येणे हा चमत्कार ठरला.

फुटीची किंमतही विसरता येत नाही. गंधर्व मंडळीतून पुढे टेंबे व बोडस बाहेर पडले. नाव राहिले आणि नावाबरोबर कर्जही राहिले. कर्ता होणे म्हणजे कर्जदार होणे, हा धडा त्या काळातील बहुतेक नटमालकांना गिरवावा लागला.

कोरियात फुटीचा प्रश्न न्यायालयात गेला. जुलै २००९मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ ह्या पाच जणांच्या संघातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध दाद मागितली. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने नमुना करारनामा जाहीर करून कराराची मुदत सात वर्षांवर आणली. २०१४ आणि २०१५ ह्या दोन वर्षांत ‘एक्सो’तील चौघा चिनी वंशाच्या मुलांपैकी तिघांनी संघ सोडला. बाजारपेठ जोडण्यासाठी ज्या जागा निर्माण केल्या होत्या, नेमक्या त्याच जागांवर फूट पडली. ‘झिरोबेसवन’सारख्या संघात तर फूट आधीच करारात लिहून ठेवलेली असते. विसर्जनाची तारीख पदार्पणाबरोबरच ठरते. येथे मंडळीच्या आणि आजच्या कंपनीच्या इतिहासातील निर्णायक अंतर दिसते. मंडळी फुटीला भीत होती. कंपनीने फुटीचे वेळापत्रक केले. जी गोष्ट नटाच्या हातातील एकमेव कृती होती, तीच व्यवस्थापनाच्या हिशेबात जमा झाली.

ह्या तर्काचे टोक ‘ईएक्सपी एडिशन’ ह्या संघात दिसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कलेचे शिक्षण घेणाऱ्या बोरा किम ह्या कोरियन विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासप्रकल्पाचा भाग म्हणून तो उभा केला. त्यात कोरियन वंशाचे कोणीच नव्हते. २०१७ साली मात्र त्याने सोलमध्ये रीतसर पदार्पण केले. रसिकांचा रोष झाला. कोरियन संघात कोरियन असलेच पाहिजे काय, हा वरवरचा प्रश्न. त्याखालचा प्रश्न असा की, सर्व जागा बरोबर मांडल्या आणि त्या कोणीही भरल्या तर कलाकृती तीच राहते काय? प्रेक्षकांच्या रोषाने नकारार्थी उत्तर दिले. म्हणजे जागेच्या रचनेतच सर्व काही नाही. देह, त्याचा गाव, त्याची जीभ ह्यांचा असा काही अंश असतो की जो जागेत मावत नाही, आणि प्रेक्षक प्रेम करतो ते बहुधा त्या न मावणाऱ्या अंशावर. भाऊरावांनंतर बालगंधर्वांना ‘दुसरे भाऊराव’ म्हणून कोणी फार काळ पाहिले नाही, ते ह्याच कारणाने.

मराठी नटांनी हा उरलेला अंश शब्दांत मांडला, तो उत्तरायुष्यात. बोडसांच्या आत्मचरित्राचे नाव ‘माझी भूमिका’, टेंब्यांच्या आत्मचरित्राचे ‘माझा जीवनविहार’, कोल्हटकरांच्या आत्मचरित्राचे ‘बहुरूपी’. पहिल्या दोन नावांत ‘माझा’-‘माझी’ हा शब्द आग्रहाने पुढे आहे. तिसऱ्यात एकाच माणसाची अनेक रूपे आहेत. ‘बहुरूपी’ला १९५८चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि अशा रीतीने मंडळीतील नट अखेर ‘लेखक’ म्हणून साहित्यात दाखल झाला. मंडळी संपल्यावर नटाला जो कंठ फुटला, तो ह्या पुस्तकांत आहे. सांघिक कलेच्या अभ्यासकाने ही पुस्तके नाट्येतिहासाची साधने म्हणून तर वाचावीतच, पण जागेतून मोकळ्या झालेल्या व्यक्तीची संहिता म्हणूनही ती वाचली पाहिजेत.

६

ह्या प्रश्नाला आता केवळ ऐतिहासिक महत्त्व उरलेले नाही. कोरियन संगीतोद्योगातील ‘हाइब’ ह्या कंपनीने २०२५ साली मुंबईत आपली भारतीय शाखा स्थापन केली. कंपनी ज्या प्रांतात जाते तेथील मुले निवडते, हा तिचा क्रम पाहता बहुराष्ट्रीय संघातील एखादी जागा उद्या मराठी बोलणाऱ्या मुलासाठी मांडली जाणे असंभवनीय नाही. त्या वेळी मराठी समीक्षेपाशी दोनच प्रतिक्रिया असतील, अभिमानाची किंवा तुच्छतेची, तर ती त्या मुलाच्या काहीच उपयोगाची ठरणार नाही. होनाजीला ठेवून बाळाला तळटीपेत घालणारी आणि नाच्याला विसरणारी जुनीच चूक नव्या साधनांनी पुन्हा होईल.

सांघिक कलाकृतीच्या बाबतीत ‘हिचा कर्ता कोण?’ हा प्रश्न अपुरा आहे. त्याऐवजी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. जागा कोणी मांडल्या? त्या भरणाऱ्या देहाला पात्राचे, म्हणजे स्वतःपासून दूर उभे राहण्याचे, संरक्षण आहे काय? आणि फुटण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? किर्लोस्कर मंडळीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच्या कंपनीपेक्षा फारसे निराळे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र निराळी आहेत, आणि मराठी रंगभूमीविषयीचा अभिमान टिकवायचा असेल तर तो ह्या दोन उत्तरांवर टिकवावा लागेल. तेथील मुलाला रंगपटात उतरवून ठेवता येणारी शकुंतला होती, आणि १९१३ साली उठून चालू लागण्याची मुभा होती.